‘घरी सांगीन’ या दोन शब्दांना धार आपणच लावलीये

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री वाचा. पण घरात सतरा ते पंचवीस वयाचं लेकरू असेल तर अर्ध्यात सोडू नका, एवढी विनंती.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे, बहुतेकांना माहितीये. दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी जिना चढून आली. बावीस-तेवीस वर्षांची. पाठीवर सॅक, हातात चालू घडामोडींचं पुस्तक. इथल्या एका अभ्यासिकेत बसते, गावाहून एसटीने येऊन-जाऊन करते. खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच विचारलं, "सर, नाव न छापता बातमी होते का?"

(हे तिची परवानगी घेऊन लिहितोय आणि ओळखीचे तपशील बदललेत. कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नका. भलत्याच पोरीला त्रास होईल.)

मी म्हटलं, आधी बस, पाणी पी. मग तिने फोन पुढे केला.

मुलगा त्याच अभ्यासिकेतला, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. नोट्स देता-घेता ओळख झाली, पुढे प्रेम. पहिले चार-पाच महिने तिला वाटायचं, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही. सकाळी एसटीतून उतरली की हा चहाच्या गाड्यावर वाट बघत उभा. मग हळूहळू नियम आले. लोकेशन चोवीस तास चालू ठेवायचं. घरी पोचलं की व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायची. मामाच्या मुलाशी बोलायचं नाही. अभ्यासिकेत खिडकीकडच्या टेबलावर बसायचं नाही, कारण तिथून रस्ता दिसतो. चुलतबहिणीच्या हळदीला तीन तास फोन बघितला नाही, तर आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी स्टँडवर हजर, डोळ्यात पाणी आणि हातात ड्रेसची पिशवी. पंधरा दिवस गोड. मग पुन्हा काहीतरी.

इथपर्यंत मला नवल वाटलं नाही. अशा गोष्टी बातमीदाराच्या कानावर येतच असतात. नवल वाटलं ते एका मेसेजचं. मुलाने लिहिलं होतं, शब्द थोडे इकडे-तिकडे करतोय: ‘मी अव्हॉइडंट आहे, मला स्पेस लागते. तू अँक्शस आहेस, म्हणून तुला प्रत्येक गोष्ट मोठी वाटते. आधी स्वतःवर काम कर.’ खाली एका रीलची लिंक.

ज्याला स्वतःला एवढी स्पेस लागते, त्याला हिचं लोकेशन मात्र चोवीस तास लागत होतं. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मान खाली घालून ती म्हणाली, "सर, मी पण ती टेस्ट केली. अँक्शसच आलं. म्हणजे चूक माझीच आहे ना?"

दोनदा तिने हे संपवायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. ‘घरी सांगीन.’

आता माझी चूक सांगतो. हे सगळं ऐकून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "घरी माहितीये का?"

मी काळजीनेच विचारलं होतं. पण तिचा चेहरा असा झाला, जसा काही धमकी देणारा दुसरा माणूस भेटला. "जाऊ द्या सर," म्हणाली आणि जिना उतरून गेली. पाण्याचा ग्लास तसाच.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, मानसशास्त्राचा नाही. पण जे मिळालं ते वाचलं, या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना विचारलं. आज त्यावरच लिहितोय.

हे अटॅचमेंट प्रकरण आहे तरी काय?

लंडनमध्ये जॉन बोल्बी नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. चोऱ्या करणाऱ्या ४४ मुलांवर त्यांनी १९४४ साली एक लेख लिहिला. त्यातली जी मुलं अगदी कोरडी, कुणाची माया नसल्यासारखी होती, त्यांच्यापैकी बहुतेकांची लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झालेली त्यांना दिसली. तिथून पुढे त्यांनी जो विचार मांडला तो थोडक्यात असा: लेकरू आईला चिकटतं ते फक्त दुधासाठी नाही. त्याला पाठीमागे एक भक्कम जागा लागते. ती जागा आहे अशी खात्री असली की ते रांगत लांब जातं, भ्यालं की परत येतं, पुन्हा जातं.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या गावांमध्ये आया आणि बाळं पाहिली, नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला एक प्रयोग बसवला. वर्षभराचं बाळ, अनोळखी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई. आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा मामला. बाळ किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर काय होतं, याकडे त्यांचं जास्त लक्ष होतं. काही बाळं बिलगली, शांत झाली, पुन्हा खेळायला लागली. काही बिलगलीही आणि रागाने ढकलतही राहिली, शांतच होईनात. काहींनी आईकडे धड बघितलंही नाही, जशी काही ती गेलीच नव्हती. आज रीलवर फिरणारे सिक्युअर, अँक्शस, अव्हॉइडंट हे शब्द या खोलीतून निघाले. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा, विस्कळीत प्रकार सांगितला.

‘परत आल्यावर काय होतं’ हे लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

मग बाळांची गोष्ट प्रेमात कशी शिरली? तर चक्क वर्तमानपत्रातून. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोघांनी डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ या दैनिकात प्रेमाबद्दलची एक प्रश्नावली छापून आणली. त्यात तीन छोटे परिच्छेद होते, वाचकाने आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. आलेली पहिली ६२० उत्तरं तपासून त्यांनी १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५६ टक्के सिक्युअर, २५ टक्के अव्हॉइडंट, १९ टक्के अँक्शस.

काम प्रामाणिक होतं, आणि त्यानंतर त्यावर पुष्कळ पुढचं काम झालं. आता बहुतेक संशोधक माणसाला एका कप्प्यात टाकत नाहीत. सोडून जातील याची भीती किती आणि जवळ येऊ देण्याची अडचण किती, अशा दोन मापांवर प्रत्येकजण कमी-जास्त असतो, असं धरतात. हे मापही कायमचं नसतं. चांगली माणसं भेटली की बदलतं, वाईट भेटली तरी बदलतं. हा आजार नाही, निदान नाही, आणि रक्तगट तर नाहीच नाही.

आपण त्याचं काय केलं? पत्रिका केली. छत्तीस गुण जुळवायची सवय होतीच, आता स्टाईल जुळवतोय. मंगळ निघालेल्या पोरीचं पूर्वी जे व्हायचं तेच आता ‘अँक्शस’ निघालेल्या पोरीचं. दोष तिच्यात. शांत तिने करून घ्यायची.

म्हणून तीन गोष्टी सरळ सांगतो.

एक. स्वभाव वेगळा आणि डाव वेगळा.

ज्याला सोडून जाण्याची भीती वाटते तो दिवसातून दहा वेळा विचारेल, ‘रागावलीस का? आहेस ना?’ डोकं उठेल, पण तो विचारतोय. ज्याला जवळिकीचा त्रास होतो तो म्हणेल, ‘आज बोलायला नको, उद्या बोलू’, आणि उद्या फोन करेल. याला स्वभाव म्हणतात, आणि अशा स्वभावासोबत लोकांचे चांगले संसार होतात. समोरची माफी मागेपर्यंत आठ दिवस तोंड न उघडणं, फोनचा पासवर्ड मागणं, ‘तू गेलीस तर मी काहीतरी करून घेईन’ म्हणून बांधून ठेवणं, हे वेगळं काम आहे. त्याला आपल्याकडे ताब्यात ठेवणं म्हणतात.

ओळखायचं कसं? एकच बघा. तुम्ही ‘नाही’ म्हणालात की काय होतं? समोरचा रुसला, रडला, भांडला, पण तुमचं ‘नाही’ शेवटी टिकलं, तर प्रश्न स्वभावाचा आहे. पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणायची तुमची हिंमतच होऊ नये अशी त्याने व्यवस्था केली, तर तो डाव आहे. मग त्याची स्टाईल कुठली का असेना.

उलट बाजूही मांडतो. ही भीती जास्त असलेली माणसं हिंसेच्या नात्यांत काहीशी जास्त सापडतात, त्रास देणाऱ्याच्या बाजूलाही आणि सोसणाऱ्याच्या बाजूलाही, असं अभ्यासांत दिसतं. मी ते लपवत नाही. पण ज्यांचं लहानपण वाईट गेलं अशी शेकडो माणसं आपल्याच गावात आहेत. कुणाचा बाप दारू पिऊन मारायचा, कुणाची आई लहानपणीच गेली. त्यातली बहुतेक माणसं बायकोचा फोन तपासत नाहीत. त्या मुलाची आई तो सहावीत असताना गेली, हे खरंय. त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्या दुःखाचा हप्ता या मुलीने का भरायचा?

दोन. ती अँक्शस होती, की तिला तसं केलं?

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि एके दिवशी तो बंद झाला, तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही असं केलं, तर बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. हे समजायला आपल्याला प्रयोगशाळा नको, मटक्याची टपरी पुरे. आकडा कधीच लागला नसता तर माणूस घरी गेला असता. मधूनच लागतो, म्हणून तो जमीन विकेपर्यंत खेळतो.

आठ दिवस अबोला आणि नवव्या दिवशी ड्रेस. कुणाचंही मन असं महिनोन्‌महिने खेळवलं तर ते माणूस दर पाच मिनिटांनी फोन बघणारच. मी नंतर तिला विचारलं, तू ती टेस्ट कधी केलीस? म्हणाली, अबोल्याच्या सहाव्या दिवशी, रात्री दोन वाजता. म्हणजे माणसाला सहा दिवस उपाशी ठेवायचं, मग तपासायचं आणि सांगायचं, तुझ्यात अशक्तपणा आहे बघ, उपचार घे.

तीन. शब्द नवे आले, काम जुनंच आहे.

पूर्वी म्हणायचे, ‘तू संशयी आहेस’, ‘बाईच्या जातीला डोकं नसतं’. आता म्हणतात, ‘तू ट्रिगर होतेस’, ‘तुला हीलिंगची गरज आहे’. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ नाटकात नवरा वरच्या मजल्यावर दिवा लावतो, त्यामुळे खालचे दिवे मंद होतात. आणि तो बायकोला पटवत राहतो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही. त्यावरून ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द आला, आणि २०२२ साली मेरियम-वेबस्टर या कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आता गंमत बघा, त्या मुलाच्या चॅटमध्ये हाच शब्द चार वेळा होता. चारही वेळा तो तिला म्हणत होता, ‘तू मला गॅसलाइट करतेस.’

जो शब्द कुणालातरी सोडवायला तयार झाला, तोच आज बांधायला वापरतात. आणि रीलवर ‘दहा प्रश्नांत तुमची स्टाईल ओळखा, पूर्ण कोर्स बायोमध्ये’ म्हणणाऱ्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. खरे समुपदेशक वेगळे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. ते आधी विचारतात, ‘तू सुरक्षित आहेस का?’ रीलवाला विचारतो, ‘तुझा प्रकार कोणता?’

इथपर्यंत तुम्ही मान डोलावली असेल. आता आपल्याकडे येतो. इथे काही जण अनफॉलो करतील, हरकत नाही.

‘घरी सांगीन’ या धमकीत ताकद कुणाची आहे? त्या पोराची? तो बेरोजगार पोरगा. स्वतःचं रूमभाडं भरायला गावाहून पैसे मागवतो. त्याच्याकडे कसली आलीये ताकद! ती ताकद आपली आहे. घरी कळलं तर अभ्यासिका बंद. फोन काढून घेणार. दोन महिन्यांत स्थळ बघणार, मुलगा काय करतो याची नीट चौकशीही न करता. आईला टोमणे, ‘तुझंच लक्ष नव्हतं’. भाऊ हात उचलणार. आणि त्या पोराला काय? त्याच्या घरचे चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी आत्याच जेवायला बोलावेल.

हे त्या मुलीला माहितीये आणि त्या पोरालाही माहितीये. हत्यार आपण घरात धार लावून ठेवलंय, तो फक्त दाखवतो.

आणखी एक. इमोशनल ब्लॅकमेलची पहिली शाळा कुठली? ‘तुझ्या बापाला अटॅक येईल.’ ‘मी विहीर जवळ करीन.’ ‘आमच्या तोंडाला काळं फासणार तू.’ लेकाने सायन्स घ्यावं म्हणून दोन दिवस न जेवणारी आई आपण सगळ्यांनी पाहिलीये, आणि किती जीव आहे बघा म्हणून तिचं कौतुकही केलंय. वीस वर्षं या शाळेत काढल्यावर पोरगी एवढंच शिकते की समोरच्याला त्रास झाला तर तो आपल्यामुळे, आणि तो थांबवायची जबाबदारी आपली. मग बाहेरचा मुलगा म्हणतो, ‘तू गेलीस तर मी जगणार नाही.’ तिला त्यात धोका दिसत नाही. तिला ते घरच्यासारखंच वाटतं.

मी काही वेगळा नाही. माझी मुलगी नववीत आहे. क्लास बुडवून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः येऊन सॉरी म्हणाली. तेव्हा वाटलं, लेकीला वळण लागतंय. ती अभ्यासिकेतली मुलगी येऊन गेल्यावर ते आठवलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही. आठ दिवसांच्या अबोल्याला माफी मागायची सवय तिला उद्या कुणी लावली, तर सुरुवात माझ्यापासून झालेली असेल.

आमच्या धंद्याचंही बोलतो. ‘प्रेमप्रकरणातून’ हा शब्द मी स्वतः किती मथळ्यांत वापरला, मोजलेला नाही. प्रेमप्रकरणातून मारहाण, प्रेमप्रकरणातून तरुणी बेपत्ता. या एका शब्दात पाळत, धमक्या, अबोला, फोटो सगळं झाकलं जातं आणि वाचणाऱ्या बापाला एकच कळतं: पोरीला प्रेम करू देऊ नका. मी हा शब्द वापरणं सोडलंय. इथल्या सहकाऱ्यांनाही सांगतो, ‘पाळत ठेवून’, ‘धमकावून’, ‘नकार दिल्यामुळे’ असं जे घडलं ते लिहा. दोन शब्द जास्त लागतील.

आता कमेंट येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. "पोरी काय कमी असतात का?" नसतात. एमआयडीसीत कामाला असलेला एक मुलगा मला माहितीये. पगार झाला की त्याच्या खात्याचा स्क्रीनशॉट तिला पाठवावा लागायचा, आणि मित्रांसोबत चहाला गेला तरी फोटो. तोही कुणाला सांगू शकला नाही, कारण मित्र हसले असते. ‘बायकोच्या आधीच बायलट झाला’ म्हणाले असते. म्हणजे त्याचंही तोंड आपणच बंद केलं होतं. वर दिलेली ‘नाही’ची परीक्षा मुलगा-मुलगी दोघांनाही सारखीच लागू आहे. फरक एवढाच की मुलीचं शिक्षण सुटतं, आणि कधीकधी जीव जातो.

दुसरी कमेंट: "भाऊ, तुम्ही लफड्यांना प्रोत्साहन देताय." पोरं प्रेम करतात ते माझ्या पोस्टला विचारून नाही. ती करणारच. प्रश्न फक्त एवढाच, की अडचणीत आली तर आधी कुणाकडे येतील.

थोडं कायद्याचं, कारण अर्धवट माहितीही धोक्याची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ ही हिंसाच मानलीये. पण तो एका घरात राहणाऱ्या किंवा राहिलेल्यांसाठी, रक्ताचं, लग्नाचं किंवा लग्नासारखं नातं असेल तर. अभ्यासिकेतल्या, कॉलेजातल्या नात्याला तो लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे: मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, पाठलाग करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मुलीचे खासगी क्षणांचे फोटो तिच्या संमतीशिवाय पसरवणं हा कलम ७७ खाली गुन्हा आहे, काढताना ती हो म्हणाली असली तरी. धमकीला कलम ३५१. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदाराला सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हाच २०१५ च्या कायद्याने गुन्हा झाला, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. आपल्याकडे असं स्वतंत्र कलम नाही. यावर बोलायला कुठल्याच पक्षाला वेळ नाही, पण बागेत बसलेल्या जोडप्यांना हुसकवायला सगळ्यांचे कार्यकर्ते हजर.

ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली. या वेळी मैत्रिणीला घेऊन. मी घरचं काही विचारलं नाही. विचारलं, "तुला काय व्हायला हवंय?"

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला फक्त अभ्यास करायचाय."

ओळखीच्या वकीलताईंना बोलावून घेतलं. काय करता येतं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं, चॅट डिलीट करू नको म्हणाल्या. घरातलं सांगण्यासारखं माणूस कोण, तर आत्या. आत्याला फोन तिनेच केला, माझ्याच ऑफिसातून. आत्याने दोन शिव्या दिल्या, रडली, आणि दुसऱ्या दिवशी भावाला सांगितलं.

बाप कोरडवाहू शेतकरी. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ते दोन दिवस कसे गेले ते ती मुलगीच जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत एसटीत बसला, अभ्यासिकेत आला, पुढच्या तीन महिन्यांची फी रोख भरली. मालकाला म्हणाला, "हिला जिथं बसायचं तिथं बसू द्या."

त्या पोराचा पुन्हा मेसेज आला, ‘घरी सांगीन’. तिने उत्तर दिलं, ‘सांग. पप्पांचा नंबर देऊ का?’

त्यानंतर मेसेज आला नाही. प्रत्येक ठिकाणी एवढ्यावर सुटत नाही, हेही सांगतो. काही जण घरापर्यंत येतात, फोटो टाकतात, हात उचलतात. तिथे एकट्याने हिरोगिरी करायची नाही. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे. मनावर ताण आला असेल तर टेलिमानस, १४४१६, फुकट आणि मराठीत. आणि समोरचा ‘मी जीव देईन’ म्हणत असेल तर ते खोटं धरू नका आणि स्वतःच्या डोक्यावरही घेऊ नका. त्याच्या घरच्यांना कळवा, हा नंबर त्यालाही पाठवा. त्याला मदत मिळायला हवी, पण त्यासाठी तुम्ही त्या नात्यात अडकून राहणं हा उपाय नाही.

आता ती एन्सवर्थबाईंची खोली आठवा. लेकरू परत जवळ आल्यावर काय होतं, त्यावर सगळं होतं. आपलं लेकरू आता बावीस वर्षांचं आहे. ते बाहेर गेलं, चुकीच्या माणसावर जीव लावून बसलं, भ्यालं, आणि एक दिवस दाराशी आलं. तेव्हा आपण काय करतो? त्या पोरीच्या बापाने दोन दिवस घेतले, पण दार उघडं ठेवलं. माझ्याकडून तेवढंही झालं नव्हतं. मी एका प्रश्नात तिला जिना उतरायला लावलं होतं.

मुलीची अटॅचमेंट स्टाईल कोणती, हे रीलवाल्यांना शोधू द्या. तुमचं काम सोपं आहे आणि आज रात्रीचं आहे. जेवताना, टीव्ही बंद करून, लेकीलाही आणि लेकालाही एवढं सांगा: "काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग. आम्ही ओरडू, पण शाळा-कॉलेज बंद करणार नाही, हात उचलणार नाही, आणि घाईने लग्न लावणार नाही." सांगाल त्यापेक्षा पाळाल ते महत्त्वाचं. पोरं लगेच विश्वास ठेवणार नाहीत, हेही धरून चाला.

मी माझ्या लेकीला परवा सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काय झालंय?" आणि मोबाईल घेऊन आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर येऊन विचारलं, "खरंच ओरडण्यापलीकडे काही करणार नाही?"

मी म्हटलं, "नाही."

पटलं तर पुढे पाठवा. नसेल पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे. फक्त ती मुलगी कोण, हे विचारू नका.